लग्नपत्रिकांच्या चिठ्ठ्या

शंकर नगर, रायपूर
१२ सप्टेंबर २००४

लाडक्या चित्रे,

आशीर्वाद लिहिणार नाही, तू माझ्याहून दोन महिन्यांनी मोठी. नमस्कारच घे.

इकडं सगळे बरे. राजधानी झाल्यापासून ऑफिसात साहेब वाढून राहिले, खुर्च्या तेवढ्याच. आईचे गुडघे दुखतात, तरी गुढियारीच्या जुन्या घराच्या शेजारणींची आठवण रोज काढते. राजनांदगावले तुझ्या शिकवणीत पोट्टे किती झाले?

सोबत एक डबा पाठवून राहिली. उघडला की ओळखशील.

हव, त्याच चिठ्ठ्या. जुन्या लग्नपत्रिका कापून तू केल्या होत्या. लाल कागदावर इंग्रजी शब्दाच्या आधी लागणारे तुकडे, अन, डिस, री. पिवळ्यावर मागून लागणारे, नेस, मेंट, एबल. एका हॅपीतून तू अनहॅपी, हॅपीनेस, अनहॅपीनेस काढायची अन् मी तोंड पाहत राहायची. नव्या राज्याच्या बाबूभरतीत असाच प्रश्न वीस गुणांचा होता, अन् आपण दोघीही बसणार होतो. तरी दोन दिवसांसाठी त्या मले दिल्या तू.

परीक्षेले आठ दिवस असताना तू मागायले आली. मी म्हणलं, आईनं रद्दीत टाकल्या. चित्रे, त्या माझ्या पेटीत होत्या, साड्यांखाली. तू माझ्यापुढं जाशील याची मले भीती वाटली. तू तीन गुणांनी राहिली, मी लागली.

खोटं तेवढ्यावर थांबलं असतं तर मी गप्पच बसली असती, खरं सांगते. पण आईले इंग्रजी वाचता येत नाही, आपणच त्या रद्दीत टाकल्या असं तिनं मानूनच घेतलं. दर सणाले म्हणते, "माझ्या हातून त्या पोट्टीचं नुकसान झालं वं." तू तिचे हात धरून म्हणली होती, "काकू, मनाले लावून घेऊ नका." मी दारातच उभी होती. मले माझी लाज वाटते.

भरती पुन्हा निघाली. वयाच्या हिशेबानं तुझी ही शेवटची खेप. फॉर्म डब्यात आहे, मुदत तीस तारखेची. माझ्यावरचा राग त्या फॉर्मवर काढू नको.

इथवर लिहून आईले वाचून दाखवलं. तिनं एकेक चिठ्ठी पदरानं पुसली, डब्यात ठेवली, वरून दोरा बांधला. गाठ तिची आहे. डबा मी मागितला तर माझ्या हाती दिला नाही. गुडघे धरत स्वतःच पोस्टात घेऊन चालली.

तुझी चोर,
शारदा