डिसेंबरात कूलर

२८ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. ब्रीडिंग करणाऱ्याकडे रेकॉर्ड हवं. माझ्याकडे दोन कॉर्न स्नेक आहेत, एक नर, एक मादी. परदेशी जात, बिनविषारी, केशरी अंग, पोटावर मक्याच्या कणसासारखे चौकडे. वनखात्याकडे रीतसर नोंद आहे. तरी शेजारचे पंजाबराव आमच्याकडे येताना पाय आपटत येतात.
जोडी नागपूरच्या राजकुमारकडून आणली. तो म्हणाला, हिवाळ्यात दोन महिने अंधारात, गारठ्यात, रिकाम्या पोटी ठेव. मग उन्हाळ्याच्या तोंडाशी जोडी जमते, अंडी होतात. तेरा-चौदा डिग्री पाहिजे. जमेल का, असं त्याने मला विचारलं. मला! नेरच्या बसस्टँडसमोर आयुष्य कूलर बनवण्यात गेलं. अर्धा तालुका थंड केला. दोन साप म्हणजे काय!

२९ नोव्हेंबर
नियम ठरवले. नावं ठेवायची नाहीत. डबा उघडायचा नाही. जीव लावायचा नाही. मी मुळात कठोर माणूस आहे, त्यामुळे सोपं जाईल.
पुष्पाने मात्र मध्येच अट घातली. मागची खोली तिला शिवणक्लाससाठी हवी आहे, हे तिचं जुनं टुमणं. अखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, अंडी झाली तर खोली सापांची, नाही तर माझी, म्हणाली. लगेच मान्य केलं. बायको असली तरी हरणाऱ्याची कीव येतेच.

३ डिसेंबर
खोलीत कूलर बसवला. जाळीत नवीन वूडवूलचं गवत, नवीन पंप. दिवसा ऊन तापतं, तेव्हा चालवायचा. पुष्पा शाल पांघरून दारात उभी. काहून जी, हिवात कूलर कोन लावते? उद्या मे महिन्यात शेकोटी पेटवसान! शास्त्र समजावलं. ती स्वेटर शोधायला गेली.
याडी, म्हणजे माझी आई, तांड्यावरून चार-पाच महिने राहायला आली आहे. तिने साप पाहिले, कूलर पाहिला, मग मला पाहिलं. पोटच्या पोराकडे कुणी असं पाहू नये.

६ डिसेंबर
मादीने आज माझ्याकडे पाहिलं. डबा उघडला नव्हता. झाकण फक्त बाजूला केलं होतं.

११ डिसेंबर
थंडीची लाट. खोलीत अकरा डिग्री. पाहिजे तेरा. म्हणजे दोन डिग्री थंडी फुकट जात होती. माझ्या जुन्या स्वेटरची बाही कापून डब्यात ठेवली. डबा हलू नये म्हणून.

१२ डिसेंबर
खोलीत बारा, डब्यात एकोणीस. थर्मामीटर अगदीच भंगार.

१८ डिसेंबर
नवीन थर्मामीटर आणला. तोही भंगार.
पुष्पा संशयी होत चालली आहे. खोलीत काय करून राह्यले जी तुम्ही, म्हणे. निरीक्षण, म्हणालो. तर म्हणते, गरम पाण्याची पिशवी घेऊन कोनतं निरीक्षण? पिशवी माझ्या कमरेसाठी होती. कंबर डब्याशेजारी होती, एवढंच.

२५ डिसेंबर
लाईट सकाळपासून गेली. कूलर बंद. कूलरच नाही तर डबा त्या खोलीत ठेवण्यात अर्थ नाही. म्हणून चुलीजवळ आणला. तात्पुरता.
याडीला हसू आवरेना. तू त्यायले निजवून राह्यला का शेकून राह्यला, म्हणाली. बाहेर पंजाबरावांनाही सांगितलं. प्रयोगशील माणसाला घरचेच नडतात.

१ जानेवारी
मादी बारीक वाटते. (पुष्पा तिला बिजली म्हणते. मी म्हणत नाही.) राजकुमारला फोन केला. तो म्हणाला, अबे, पोटात अन्न असताना गारठवलं तर सडते ते आत, मरतीन. उंदीर दाखवू पण नको. नागपूरच्या लोकांना माया कमीच.
एक दिला. अगदी लहान. नवीन वर्ष होतं. मग नरालाही दिला, एका घरात पंक्तिभेद बरा नाही. आणि पोटात सडू नये म्हणून चार दिवस बल्ब लावून ठेवला. राजकुमारचा सल्ला मी तंतोतंत पाळतो.

१४ जानेवारी
संक्रांत. बल्ब अजून आहे. एकदा लागलेली सवय तोडणं क्रूरपणा होईल.
पुष्पा टेप घेऊन आली आणि खोली मोजून गेली. मशीन खिडकीशी, पोरी भिंतीशी, असं स्वतःशी बोलत होती. माणसाला स्वप्नं असावीत.

१० फेब्रुवारी
हिवाळी झोप अधिकृतपणे संपवली. झाकण काढलं तर बिजली आधीच मान वर करून बसलेली. राजकुमारचे साप म्हणे सुस्त उठतात. दोन महिने कडक गारठ्यात काढून आमच्यांचा उत्साह बघा!

२ मार्च
डब्यातली मधली फळी काढून नराला बिजलीकडे सोडलं. तो तिच्या अंगावरून सरळ बल्बखाली गेला, वेटोळं घालून झोपला. राजकुमार म्हणाला, मागं मागं फिरला पाहिजे, अंग थरथरलं पाहिजे. आमचा नर सभ्य आहे.

१५ मार्च
अजून सभ्य आहे.

४ एप्रिल
बिजलीचं पोट फुगलं! दुकानात सीझन सुरू, गिऱ्हाईक दारात, तरी दुपारी घरी येऊन पाहून जातो. पुष्पा माझ्यामागे उभी राहून पाहत होती. आई होनार काय गं, असं तिलाच विचारत होती. डोळ्यांत पाणी की काय. हरण्याचं असावं.

१२ एप्रिल
अंडी! नऊ! अखाजीच्या आधी! पंजाबराव आज पाय न आपटता आले. याडीने साखर वाटली. पुष्पा डब्याशी बराच वेळ बसली. मग उठून फोनवर कुणाला तरी म्हणाली, यंदा नाही जमत बाई, जागाच नाही.
जिंकलो. जेवण गेलं नाही, ते आनंदामुळे.

१३ एप्रिल
राजकुमारला फोटो पाठवला. अंडी थोडी पिवळसर आहेत, सुकल्या बोरासारखी. तो म्हणाला, खाली आहेत बे, फळलीच नाहीत. कोंबडी नाही घालत कोंबड्याशिवाय? गारठा नीट दिला होता न? दिला होता, म्हणालो.
अट अंड्यांची होती. पिल्लांचा शब्दही निघाला नव्हता. तेव्हा पुष्पाला सांगण्याचा प्रश्न येत नाही.

१६ एप्रिल
पुष्पाने मशीनवर डब्यासाठी सुती गिलाफ शिवला. पिल्लायले उजेड नको लागाले, म्हणाली. पिल्लं कधी निंगतीन जी, असंही विचारलं. दुकानात काम आहे म्हणून निघून आलो. काम नव्हतं.

अखाजी
पुरणपोळी झाली. खोलीत गेलो तर पुष्पा डब्याजवळ बसलेली. गिलाफ बाजूला घडी करून ठेवलेला. अंडी खाली आहेत, म्हणालो. थंडी मीच नीट दिली नाही, हेही म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही.
ती म्हणाली, माहीत आहे मले. वास येऊन राह्यला तीन दिवसांचा. तुम्ही कवा सांगता, तेच पाहून राह्यली होती.
अट अंड्यांची होती, पिल्लांची नाही, हे मी तिला समजावणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. बाहेर आलं ते, मशीन कुठून उचलायचं, एवढंच.
लोखंडी आहे, भलतंच जड. मी खोलीकडे उलटा चालत होतो, ती समोरून धरून. मधेच थांबली.
हळू जी, म्हणाली, मागं उंबरठा आहे.