मंद, पण अविरत

माय, तुला जाऊन चाळीस वर्षं झाली. शब्द वापरताना तुझ्याएवढा आनंद होणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. अमळनेरला आपल्या दोन खोल्या होत्या, आबा तेलाच्या कारखान्यात जायचे, आणि तू तिशी उलटल्यावर प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकलीस. वाण्याच्या पुड्यांचे कागद चुलीत घालायच्या आधी तू ते मांडीवर सरळ करून वाचायचीस. सापडलेला शब्द त्याच दिवशी वापरायचा, हा तुझा नेम. "आंघोळ कर, तदनंतर भाकर खा," म्हणायचीस आणि क्षणभर थांबायचीस, शब्द घरात नीट बसला का ते बघायला. बकरीनं पाला हुंगून तोंड फिरवलं की "ही अरसिक शे," म्हणून स्वतःच हसायचीस. शेजारच्या अक्का तोंडाला पदर लावायच्या. तुला त्याचं काही वाटत नसे. मला वाटे. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते, आणि ते शब्द माझे आहेत, तुझे नाहीत, असा माझा समज होता.

त्या उन्हाळ्यात तुझं पोट दुखायला लागलं, म्हणून मी तुला एसटीनं धुळ्याला एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर विचारतात, कसं दुखतं. तू पदर सारखा करतेस, जरा विचार करतेस आणि सांगतेस, "कळ मंद शे, पण अविरत शे." माझे कान तापतात. मी मध्येच म्हणते, "माय, दुखस इतलंच सांग." तू माझ्याकडे बघतेस. त्यानंतर डॉक्टरांनी किती दिवसांपासून, जेवल्यावर वाढतं का, पाठीकडे जातं का, असं जे जे विचारलं, त्याला तुझं एकच उत्तर होतं, "दुखस." त्यांनी अपचनाचं औषध दिलं आणि आपण परत आलो.

त्या दिवसानंतर घरात नवा शब्द आला नाही. पुड्यांचे कागद तसेच चुलीत जाऊ लागले. आबांनी विचारलं तरी तू "बरं शे" एवढंच म्हणायचीस, आणि खरं सांगते, तू इतर बायांसारखी बोलायला लागलीस म्हणून मला हायसं वाटलं होतं. पोळ्याच्या सुमाराला तुला उठवेना, तेव्हा पुन्हा धुळं गाठलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला, हे दुखणं आधी कळायला हवं होतं. दिवाळी तू पाहिली नाहीस.

पुढे मी शाळेत मराठी शिकवलं, तीस वर्षं. मुलांकडून समानार्थी शब्द पाठ करून घेतले. घरी मात्र मी मोजकंच आणि साधंच बोलत आले. आता बोलायलाही कुणी नाही.

आबांना आणि माझ्या भावाला मी सांगितलं होतं, की डॉक्टर तुला हसले म्हणून मी तुला टोकलं. आबा तेच खरं धरून गेले. माय, डॉक्टर हसले नव्हते. तुझं वाक्य लिहून घ्यायला त्यांनी पेन उचललं होतं.