भोवती फिरणारी

देवरूख, ता. २८ फेब्रुवारी १९८४

चि. राही हिस आबांचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. काजू धरले आहेत, तुझी आई दिवसभर वानरांशी भांडत असते. काल हातखंब्याहून तुझे होणारे सासरे भागोजीराव आले. साखरपुड्याला गोड बोलणारा माणूस, पण काल चहा पिता पिता म्हणाले, लग्नाआधी राहीने इस्पितळातली नोकरी सोडावी. त्यांच्या कोणा शिकलेल्या पाहुण्याने सांगितले की परिचारिका म्हणजे मुळात दासी. आपली सून परक्यांची दासी नको, असे म्हणणे पडले. मला शब्दाचा मूळ अर्थ ठाऊक नव्हता. कळवतो म्हणालो आणि मागाहून फार चडफडलो. खरे काय ते लिही. शिमग्यापर्यंत उत्तर द्यायचे आहे.

जेवणाची हयगय करू नकोस.

आबा

रत्नागिरी, ता. ५ मार्च १९८४

ती. आबांस राहीचा शि. सा. न. वि. वि.

पाहुणा खोटे बोलला नाही. इथल्या कमळा सिस्टरचे वडील संस्कृत शिकवतात, त्यांना विचारले. परि म्हणजे भोवती, चर म्हणजे फिरणे. भोवती फिरणारी ती परिचारिका. पूर्वी ती राणीभोवती फिरे, म्हणून दासी. मी खाटांभोवती फिरते. तुमच्यापासून काय लपवू, पाय चेपते, शौचाची भांडीही उचलते. बुरोंडीचे इद्रीसचाचा सध्या इथे दाखल आहेत, मुलगा आखातात. मी दुसऱ्या खाटेकडे वळले की त्यांची नजर मागोमाग येते. आबा, मला हे काम आवडते. भागोजीरावांचा सदूही आवडला आहे, हे लिहिताना लाज वाटते, आईला सांगू नका. लग्न मोडले तर खूप रडेन. पण नोकरी सोडणार नाही.

तुमची माया आहे तशीच असू द्यावी.

राही

देवरूख, ता. २० मार्च १९८४

चि. राहीस अनेक आशीर्वाद.

आईला सगळे सांगितले, रागावू नकोस. शिमगा आटोपून हातखंब्याला गेलो, कडक बोलायचे ठरवूनच. सदू एसटीच्या कामावर गेला होता. आत भागोजीराव अंथरुणाला खिळलेल्या आपल्या म्हाताऱ्या आईला पेज भरवत होते. बायको गेल्यापासून तिचे सारे तेच करतात. साखरपुडा आपल्याकडे झाला, तेव्हा हे कुणी बोलले नव्हते. मी तुझे पत्र वाचून दाखवले, सदूचे तेवढे गाळून. त्यांनी पेजेची वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, आईजवळ कुणीतरी हवे होते, मागायची लाज वाटली, म्हणून पाहुण्याचे बोलणे पुढे केले. नोकरी सोडू नये, असे आता तेच म्हणतात.

म्हातारीच्या पाठीला जखमा झाल्या आहेत. कूस कशी बदलावी, हे त्यांना तुझ्याकडून शिकायचे आहे. तुला विचारायचा धीर होत नाही. लग्नाआधी सासरचा उंबरा ओलांडू नये, असे लोक म्हणतात. तू रविवारी जा.

आम्हा दोघांचा जीव तुझ्यापाशी आहे.

आबा