दाजींना दारात उभं केल्याबद्दल

मु. पो. पुणतांबा, ता. राहाता
बुधवार, सकाळचा चहा झाल्यावर

तीर्थरूप पुष्पाआक्काच्या पायांवर धाकट्या गोरक्षनाथाचं डोकं.

इकडे मी मजेत आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुझे गुडघे कसे आहेत? थंडीत तेल लावतेस ना? आता आधी महत्त्वाचं: दाजी माझ्याकडे आहेत, सुखरूप आहेत, जिवाला घोर लावून घेऊ नकोस. (तू रागानं फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी दाजी हाताच्या अंतरावर बसलेले असतात, म्हणून आमचे शेजारी अमजदभाई पेरूचा टेम्पो घेऊन जामखेडला निघालेत त्यांच्याजवळ हे पत्र देतोय.) परवा रात्री मी दाजींना पाऊण तास दाराबाहेर उभं केलं, भिजवलं आणि चोर म्हणून गावाकडून घेरवलं. त्यामुळे ते रुसले आहेत. तू स्वतः येऊन त्यांना घेऊन जा. नाहीतर आपल्या दोन घरांचं येणं-जाणं कायमचं तुटेल, अशी मला भीती वाटते.

तुला ठाऊकच आहे की ज्योती मला एकट्याला ठेवून तीन आठवड्यांपासून लेकीकडं पुण्याला आहे. पोरीचं, संस्कृतीचं बाळंतपण, म्हणजे सव्वा महिना झाल्याशिवाय काही ती हलत नाही. तीस वर्षं कारखान्याच्या वजनकाट्यावर रात्रपाळी केलेला माणूस एकटा राहायला घाबरत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. (तिथं उसाच्या शंभर गाड्या आणि त्यांचे ड्रायव्हर सोबतीला असायचे, हे सांगत नाही.) त्यातच इकडं मळ्यातल्या दोन घरांत चोऱ्या झाल्या आणि पोलिसांनी ग्रामपंचायतीपुढं बैठक घेतली. साहेबांनी नीट समजावलं, की रात्री थाप पडली तर दार उघडू नका, बाहेरचा दिवा लावा, खिडकीतून नाव विचारा, माणूस ओळख सांगत असेल तर घरातलाच एखादा प्रश्न विचारून खात्री करा, आणि नाहीच पटलं तर गावाच्या फोनवर कळवा. (एका नंबरावर आपण बोललो की तेच बोलणं गावातल्या सगळ्या मोबाईलवर ऐकू जातं, अशी सोय आहे.) मी हे सगळं सुवाच्य अक्षरात लिहून दारामागं चिकटवलं. वर कडीला दोन स्टीलची ताटं टेकवून ठेवायला लागलो, म्हणजे दार हललं की आवाज व्हावा. तीन आठवड्यांत ताटं चार वेळा पडली, चारही वेळा माझाच धक्का लागून, आणि चारही रात्री मी उजाडेपर्यंत खाटेवर बसून काढल्या.

तर परवा रात्री एक वाजता थाप पडली. मी अंथरुणातूनच विचारलं, कोण? बाहेरून उत्तर आलं, ‘‘मी.’’ मी म्हटलं, मी कोण? तर म्हणे, ‘‘आरं मी!’’ आवाज असा बसलेला, की आपल्या नात्यात असा घसा कुणाचाच नाही. (रेल्वेच्या खिडकीत बसून आले, थंडी बाधली, हे मला कसं कळणार?) कागदात लिहिल्याप्रमाणं बाहेरचा दिवा लावायला गेलो, पण अंधारात चाचपडताना शेजारचं बोअरच्या मोटारीचं बटण दाबलं गेलं. अंगणातला पाईप नेमका ओट्याच्या दिशेनं पडला होता. बाहेर जो काही आरडाओरडा झाला त्यातला एक शब्दही पत्रात लिहिण्यासारखा नाही.

मोटार बंद करून दिवा लावला, खिडकीच्या फटीतून पाहिलं, तर माकडटोपीत दोन डोळे, खांद्याला पिशवी आणि अंगातून निथळणारं पाणी. मी नाव विचारलं. तर म्हणे, ‘‘जावई हाय मी ह्या घरचा! जावयाला दारात नाव इचारतो व्हय रं?’’ आक्का, तूच सांग, माझा जावई तिशीचा, आणि हा आवाज सत्तरीचा. माझ्या दृष्टीनं खोटेपणा तिथंच सिद्ध झाला. दाजी आपल्या अण्णांचे जावई, म्हणून याही घरचे जावई, हे त्या वेळी डोक्यातच आलं नाही. तरी मी न्यायानं वागलो. घरातला प्रश्न विचारला, की सांगा पाहू, माझ्या थोरल्या बहिणीचं नाव काय? त्यावर तो माणूस ओट्यावर पाय आपटून म्हणाला, ‘‘तिचं नाव माज्याम्होरं काढू नगं!’’ आता चाळीस वर्षं तुझ्याबरोबर संसार केलेला माणूस असं म्हणेल, अशी शंका तरी मला यावी का? (खरं तर यायला हवी होती. पण भ्यालेल्या माणसाचं डोकं चालत नाही.)

मग मी गावाचा फोन लावला आणि बोललो, ‘‘मी बोलतोय, दारात चोर आहे, जावई आहे म्हणतो, लवकर या.’’ नाव सांगायचं राहून गेलं. सगळं गाव जागं झालं, पण हा मी कोण, हे कुणालाच कळेना. त्या रात्री गावात तीन घरी खरेखुरे जावई मुक्कामाला होते. तिघांनाही लोकांनी अंथरुणातून उठवून अंगणात उभं केलं. शेवटी अमजदभाईंनी आवाज ओळखला. ते बॅटरी घेऊन धावत आले आणि मागं चाळीसएक माणसं काठ्या घेऊन. अमजदभाईंनी माकडटोपी वर केली आणि म्हणाले, ‘‘आवो गोरखभाऊ, हे तर जामखेडचे मच्छिंद्रदाजी हायेत!’’ मी दार उघडलं तेव्हा ताटं खणखणत पडली आणि मी पुन्हा एकदा ओरडलो, तेही चाळीस माणसांसमोर. अमजदभाईंच्या आईनं, खातूनचाचींनी, सगळ्यांना चहा केला. दाजींनी तो घेतला, पण माझ्याकडं पाठ करून.

दुसऱ्या दिवशी अमजदभाईंकडून तुमच्या भांडणाचं कारण कळलं. मध्यरात्री पंक्चर झालेल्या मोटारसायकलवाल्या अनोळखी जोडप्याला दाजींनी दार उघडून दिलं, जेवू घातलं, झोपायला जागा दिली, आणि तू त्यांना मूर्ख म्हणालीस. तेव्हा ‘‘जिथं माणसाला दार उघडत्यात तिथं चाललो’’ असं म्हणून ते निघाले, आणि सगळा जिल्हा सोडून माझ्याच दारात आले. चूक त्यांची की तुझी, हे मी ठरवणार नाही. मी मान म्हणून टोपी-टॉवेल दिला, तो त्यांनी खुंटीला टांगला. माझ्या हातचं पिठलं ते खातात, पण बोलत नाहीत. मला हे सोसत नाही, आक्का. जावयाचा असा अपमान आपल्या घरात कधी झाला नव्हता आणि तो माझ्या हातून झाला, याचं फार वाईट वाटतं. तरी पत्र मिळताच ये.

तुझा अपराधी भाऊ,
गोरक्षनाथ

ता. क. दाजींच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या घरीच राहिल्यात. अमजदभाईंजवळ दे. तीन आठवडे पुरतील एवढ्या दे.

ता. क. दुसरा. वरचं सगळं (कंसातलं सोडून) मी दाजींना वाचून दाखवलं, म्हणून तसं लिहावं लागलं. आता ते अंघोळीला गेलेत, तेव्हा खरं लिहितो. तू येऊ नकोस. दाजी पुढच्या खोलीत, अगदी दाराला लागून झोपतात आणि असे घोरतात की भिंत हलते. आक्का, ज्योती गेल्यापासून मला पहिल्यांदा झोप लागली, काल तर उन्हं वर येईपर्यंत. मला रात्री एकट्याला फार भीती वाटते गं. हे ज्योतीला सांगितलं नाही, तुलाच सांगतोय. ती येईपर्यंत तुझा राग तेवढा टिकव. माझ्या लग्नातल्या लुगड्यावरून तू अकरा वर्षं टिकवला होतास, हे तर पंधराच दिवस आहेत.