मोठीला लांब कर

कडाव, १९८८

प्रिय दामूराव,

तुमाला प्रिय लिहायला हात वळत नव्हता. तरी लिहिलंय. मधेच पत्र फाडू नका.

तांदूळ घेऊन तुमच्या घरी भिसेगावला आले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. तुमचे डोळे लाल, जेवताना ताटाच्या कडेला बोटानं रेघा ओढत बसायचात. सुंदरा म्हणाली, कंपनीत नवी मशीन आलीय, तिच्यापुढून हे उठतच नाहीत. म्हणाली आणि हसली. मशीनसाठी कुणाचे डोळे लाल होतात? पोरगी दुखणं लपवायलाच हसते. लहानपणी टाचेत काटा मोडला, तेव्हापण हसतच घरी आली होती.

मग तुमच्या कंपनीतला तो लडकू आला. तुमी दोघं पडवीत, मी आत भाकरी थापत होते. तुमी म्हणालात, धाकट्या ऱ्हाऊ दे तशाच, मोठीला अजून लांब कर, काटा शेवटी काढू. तो म्हणतो, लाल करू ना? माझी तव्यावरची भाकरी जळली. तुमच्या घरात मोठी सून कोण? माझी सुंदरा. कुणाचा काटा निघणार, ते काय मला पाटीवर लिहून द्यायला पाहिजे?

माझे गुडघे धरलेत म्हणून सांगून तिला इकडं आणली. तुमी न्यायला आलात, तेव्हा ती ओढ्यावर होती. मी उंबऱ्यातूनच सांगितलं, तिला यायचं नाय. परत आलात, तेव्हा पाणीपण विचारलं नाय. तुमी आणलेले पेढे आधी वाघ्याला घातले. कुत्रा जगला. मला वाटलं, हळू चढणारं असेल.

काल बाजारात लडकू गावला. पदर खोचून त्याला आडवी गेले, विचारलं, मोठीचा काटा कधी काढताय? आधी पोट धरून हसला, मग पिशवीतून कागद काढला. बॉयलरचा दाब दाखवायचं घड्याळ म्हणे, त्याच्या खुणा तुमी त्या नव्या मशीनवर, कंप्युटरवर काढता. एक रेघ ओढायची, मधोमध धरून फिरवली की गोलभर रेघा होतात. धाकट्या आखूड, मोठी लांब, धोक्याची लाल. माझा त्याच्यावर पण भरवसा नव्हता. कागद उन्हात धरून बघितला. मोठ्या रेघा खरंच लांब होत्या. मग विचारलं, काटा कुठाय? म्हणाला, दामूनं अजून काढलाच नाय. वहिनी माहेरी गेल्यापासून त्या गोलापुढं नुसता बसून असतो.

माफी मागायची मला सवय नाय. तुमीपण असलं बोलताना जरा आत बघत जा, सासू बसलीय का. पण खरी गोष्ट पुढं हाय. तुमी दोनदा आलात, हे सुंदराला मी सांगितलेलंच नाय. तिला वाटतंय, नवऱ्यानं टाकली. आता ती हसतपण नाय, आणि ते मला बघवत नाय. मी सांगितलं, तर जन्मात माझं तोंड बघायची नाय. तेव्हा रविवारी या. कामात अडकलो होतो म्हणा, घड्याळ अर्धं राहिलं होतं म्हणा, माझं नाव काढू नका. येताना पेढे आणा. या खेपेला पहिला मी खाईन.

तुमचीच,
तुमच्यावर डोळा ठेवून असलेली सासू,
गंगाबाई