टाकी धुतल्याचा दिनांक

२ ऑगस्ट २०१७, तलासरी

आले एकदाची! डहाणू रोडला गाडीतून उतरले. पुढे जीपमध्ये चौघींच्या जागेत सहाजणी, माझ्या मांडीवर पेटी आणि पेटीवर शेजारणीची कोंबडी. पण आले. आजपासून मी, वसईची योगिता, मुलींच्या वसतिगृहाची गृहपाल. सहा महिने नीट काढले की नोकरी पक्की, मग आईला इकडे आणायचं.

इमारत बरी आहे. चार खोल्या, बासष्ट मुली, सहा संडास, एक लांब मोरी. मागे खांबांवर सिमेंटची टाकी. पिणं, आंघोळ, भांडी, सगळं तिच्यावर. तिच्या अंगावर लाल रंगात लिहिलंय: टाकी धुतल्याचा दिनांक २/११/१६. नऊ महिने! मी कपाळाला हात लावला. तेवढ्याच जागी चुन्याचे थर मात्र जाड आहेत, कुणीतरी पुन्हा पुन्हा पुसून रंगवल्यासारखे.

स्वयंपाकीण धोंडीमावशी अकरा वर्षं इथे आहेत. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि या बाई आधीच्या बाईंपेक्षा बारीक आहेत एवढंच म्हणाल्या. संध्याकाळी पाचवीतली जमना, वेवजी गावची, माझ्याकडे पाठ करून बसली. वेणी घालून घ्यायला! मी घातली. तिने आरशात बघितलं, मान डोलावली. पास झाले म्हणायची.

४ ऑगस्ट

आरोग्यसेवक मनिष येऊन गेले. आसपासच्या दोन पाड्यांवर जुलाब-उलट्यांची साथ आहे. इतकी माणसं एका छपराखाली राहतात तिथे एक पोर आजारी पडलं की रांग लागते, असं म्हणाले. संडास दिवसातून दोनदा, मोरी तीनदा, नळांच्या तोट्यासुद्धा पुसायच्या. आणि सगळ्यात आधी टाकी. रिकामी करायची, आत उतरून घासायची, मग पाणी भरून टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर टाकायची. आत एकटीने कधी उतरायचं नाही. कमरेला दोर, वर दोन माणसं. पावडर तर आत न्यायचीच नाही, बंद जागेत तिची वाफ चढते.

सगळं लिहून घेतलं. साफसफाई म्हणजे माझ्या हातचा मळ, असंही सांगून टाकलं.

५ ऑगस्ट

कामाचा धडाका. मुलींची नखं कापली. साबणाचे तुकडे जुन्या मोज्यांत भरून नळांना टांगले, म्हणजे हरवत नाहीत. फिनेलने खोल्या पुसल्या. टाकीचंही उरकलं. तारीख मी स्वतः रंगवली, ५/८/१७, अक्षर सुबक आलं. संस्थेला आणि मनिषना तसं कळवलं. मनिषनी शाबासकी दिली.

६ ऑगस्ट

सकाळी टाकीवर पुन्हा २/११/१६. रंग वाळलेला, कडांना तडे गेलेला, वर्षभर तिथेच असल्यासारखा. मुलींना ओळीने उभं करून चांगलं फैलावर घेतलं. सगळ्यांनी गळ्याशपथ सांगितलं की हात लावला नाही. जमना टाकीकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

चुना मारून पुन्हा ५/८/१७ लिहिलं.

८ ऑगस्ट

पुन्हा तेच. आज मी चिडले नाही, घाबरले.

दुपारी मुली शाळेत, धोंडीमावशी बाजारात. मी मागे कपडे वाळत घालत होते आणि टाकीतून आवाज आला. खराट्याने भिंत घासल्याचा. खर्र, खर्र, मध्ये थांबून दम घेतल्यासारखा, की पुन्हा खर्र. टाकी काठोकाठ भरलेली आहे. पाण्यात बुडून कोण घासेल?

१० ऑगस्ट

तीन मुली आजारी. मनिष धावत आले, नळाचं पाणी नळीत घेऊन औषधाचे थेंब टाकले. पावडर असेल तर पाणी पिवळं होतं. पाणी पांढरं स्वच्छ राहिलं. टाकी धुऊन पावडर टाकली ना, त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. उन्हाने उडाली असेल, असंही ठोकून दिलं. श्रावणातलं कसलं ऊन!

इथे तरी खरं लिहिते. टाकी धुतली नव्हती. लोखंडी शिडी शेवाळलेली, वीज नव्हती, टाकी रिकामी केली असती तर पंप चालेपर्यंत बासष्ट मुली कोरड्या राहिल्या असत्या. उद्या धुऊ म्हटलं आणि आज तारीख रंगवली. पावडरीचं पोतं अजून बांधलेलंच आहे. या वहीतसुद्धा मी खोटं लिहिलं.

११ ऑगस्ट

जमना. पहाटेपासून नऊ वेळा. डोळे खोल गेलेत. जीपमध्ये घालून दवाखान्यात नेली, सलाईन लावलं. माझं बोट सोडेना. नळाचंच पाणी प्यायले बाई, तुम्ही सांगितलं होतं ना आता चांगलं आहे, असं म्हणाली.

मी सांगितलं होतं.

१२ ऑगस्ट

पाणी उकळायला लावलंय. ओली लाकडं धुमसतात, दोन पातेली होतात, बासष्ट मुलींना किती पुरणार? ताटं त्याच पाण्यात विसळतात.

धोंडीमावशींना तारखेचं विचारलं. भाकरी थापता थापता बोलल्या. शुक्री नावाची सफाईवाली होती. तेव्हाही साथ होती. तेव्हाच्या बाईंनी न धुताच धुतली असं कळवलं होतं. मुली पडायला लागल्यावर बाईंनी शुक्रीला गुपचूप एकटीला आत उतरवलं, पावडरीची बादली देऊन. दोन नोव्हेंबरला. ती वर आलीच नाही. त्यानंतर तिघी बाई आल्या, तिघींनी नुसत्या तारखा रंगवल्या.

“ती खोटी तारीख ऱ्हाऊ देत नाय, बाय,” मावशी म्हणाल्या. “घासतंच हाय अजून. पन तिच्या हातानं आता मळ निघत नाय. जित्याचा हात लागतो.”

१३ ऑगस्ट

आणखी पाच मुली. टाकीतला आवाज आता दिवसभर. दोनदा मनिषना फोन लावला, दोनदा ठेवला. काय सांगू? कागदावर टाकी धुतलेली आहे. खरं सांगितलं तर नोकरी जाईल, पोलीसही येतील. न सांगितलं तर —

१४ ऑगस्ट

जमनाला सलाईनची आणखी एक बाटली. मला ओळखलं नाही.

शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर ओला खराटा ठेवलेला. मी नव्हता ठेवला.

१५ ऑगस्ट, सकाळी ९

मुली शाळेत झेंड्याला. मावशी दवाखान्यात जमनाकडे. सगळ्या येईपर्यंत दोन तास. तोटी काल संध्याकाळीच सोडली होती, टाकी रिकामी आहे. कमरेचा दोर झाकणाजवळच्या गजाला बांधलाय, वर धरायला कुणी नाही. बोलावलं तर सांगावं लागेल. पावडर आतच कालवते, वेळ नाही. वही झाकणापाशी ठेवते. आईला —

नंतर.

झाली! खरोखर झाली. चारी भिंती, तळ, कोपरे. बोटभर गाळ होता. मध्ये डोळ्यांना धार लागली, घशात आग आग. थोडं खाली बसले. मग एकदम बरं वाटलं. वर कधी आले आठवत नाही.

रंग घ्यायला वळले, कडेवरून खाली वाकून बघितलं तर तारीख आधीच लिहिलेली. १५/८/१७. ओली. खरी तारीख राहू देते ती.

मावशी आल्या. खालूनच ओरडून सांगतायत, जमना उठून बसली, पेज प्यायली. देवा! मी हात हलवला. त्यांनी बघितलं नाही.

आतून आवाज येत नाही आता. अजिबात नाही.

माझ्याशेजारी कुणीतरी उभं आहे. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, पाय ओले. ती एकटीच माझ्याकडे बघते आहे. तिने खराटा माझ्या पायाशी ठेवला. शिडी उतरून चालली. वळूनसुद्धा —

मावशी वर चढल्यात. दोर ओढतायत. दोर ताठ आहे, खाली काहीतरी जड — त्या झाकणातून आत बघून रडतायत, माझं नाव घेऊन हाका मारतायत. मावशी, आत नाही, मी इथे आहे, तुमच्या शेजारी, हे बघा मी तर —