चालती चांदणी आणि कलम चौथे

मी, मच्छिंद्र केरबा जिगे, वय चोपन्न, धंदा शाळामास्तर, सध्या आजारपणाच्या रजेवर, राहणार मौजे घनसावंगी, तालुका अंबड, आज रविवार, ता. १२ जानेवारी १९५८ रोजी स्वतःच्या ओट्यावर बसून हे लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे, छाती नाही. जालन्याचे डॉक्टर म्हणाले, पाडव्यापर्यंत सांभाळा. कोणी दबाव घातलेला नाही. एका जागी बसवत नाही, सारखा उठतो; त्यामुळे अक्षर वाकडं आलं तरी मृत्युपत्र खोटं समजू नये.

कलम पहिले. राहतं घर पुतण्या काकासाहेब याला. त्याने माझ्या दुर्बिणीच्या सागवानी तिवईचा एक पाय कापून बाजेला लावला. ती बाजही त्यालाच. तिच्यावर त्याला सुखाची झोप लागू नये, एवढीच इच्छा.

कलम दुसरे. आकाशाचे नकाशे शाळेला. कपाटाची किल्ली कचरू शिपायाकडे असावी. हेडमास्तरांकडे गेलेली किल्ली तपासणी आल्याशिवाय बाहेर निघत नाही.

कलम तिसरे, मुलांसाठी. दुर्बीण सूर्याकडे कधीही रोखू नये, डोळा जाईल. अंधारात पाव तास गप्प उभं राहावं, मग तारे दिसू लागतात. तारा लुकलुकतो, ग्रह सहसा स्थिर उजेड देतो. उल्का क्षणात विझते. गुरूचे चार चंद्र रोज जागा बदलतात. ते रोज वहीत काढावेत. आणि जे दिसलं तेच लिहावं, मास्तर काहीही म्हणो.

कलम चौथे. पितळी दुर्बीण. पोलीस अ‍ॅक्शननंतर जालन्याच्या बाजारात निजामाच्या एका फौजी अंमलदाराच्या सामानात मिळाली. ती माझ्या पश्चात चतुरा रखमाजी, वय बारा, हिला द्यावी. कारण लिहिणं भाग आहे.

गेल्या आश्विनात रशियाने आकाशात गोळा सोडल्याची बातमी आली. मी वर्गात ऐटीत सांगितलं, दोन हातांच्या कवेत मावेल एवढा तो गोळा, शेकडो मैलांवर. नुसत्या डोळ्यांना दिसणं शक्य नाही. चार दिवसांनी चतुरा उभी राहिली. पहाटे चुलतीबरोबर काकड्याला निघाली होती.

"गुरुजी, चांदणी चालून राह्यली व्हती. लुकलुकत न्हाई, आवाज न्हाई. देवळामागून निघाली अन् पार वेशीपल्याड गेली."

मी म्हणालो, "शेंडी लावतेस का मला?" पोरं हसली. तिला दिवसभर उभं केलं, वर बापाला बोलावून सांगितलं की पोरगी खोटं बोलते. रखमाजी म्हणाला, "खोटं बोलाया शाळा कशाला? घरी कापूस येचंल." पटावरून नाव कमी झालं.

पुढे मोटारीने वर्तमानपत्र आलं. गोळा दिसत नाही, हे माझं बराबर होतं. पण त्याला वर नेणारं मोठं रॉकेटही पृथ्वीभोवती फिरत होतं, आणि ते हजारो लोकांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं होतं. डिसेंबरात ते जळून पडलं. दुर्बीणवाल्या मास्तराने ते पाहिलंच नाही. पोरीने पाहिलं. मला लाज वाटते. दोनदा तिच्या दारापर्यंत गेलो अन् तंबाखू मागून परत आलो. आता चैत्रात तिचं लग्न उरकायचं चाललंय म्हणे.

इथे लेखणी थांबली. हे मृत्युपत्र मी मेल्यावर उघडणार. तोवर चैत्र उलटला तर? सासरी दुर्बिणीचं काय करील ती, तूप कढवील?

कलम चौथे रद्द.

पुढचं सोमवारी लिहितो. काल संध्याकाळीच कचरूच्या खांद्यावर दुर्बीण देऊन रखमाजीचं घर गाठलं. म्हणालो, "चूक माझी. पोर खरं बोलली." रखमाजीने वळायला घेतलेलं दावं खाली ठेवलं. मग म्हणाला, "गुरुजी, खोटी तर शाळेत म्हन्ले व्हते. मंग खरी बी तितंच म्हना."

आज रजेवर असूनही रखमाजी आणि चतुराला घेऊन वर्गात गेलो. तिला पुढे बोलावून सगळ्या मुलांसमोर तेच बोललो. कोणी हसलं नाही. चतुराने एवढंच विचारलं, "गुरुजी, मंग उद्यापासून येऊ का?" मी रखमाजीकडे पाहिलं. तो म्हणाला, "चैत्राची जल्दी न्हाई. बघू." हेडमास्तरांनी कुरकुरत का होईना, पटावर नाव घातलं.

दुर्बीण चतुराच्या हातात दिली आहे, ती आता माझ्या मिळकतीत धरू नये. बाकी कलमं कायम.

घनसावंगी, सोमवार, ता. १३ जानेवारी १९५८.

सही: मच्छिंद्र केरबा जिगे

साक्षीदार:
१. पुखराज सोहनलाल, कापड दुकानदार. सही.
२. रखमाजी तात्याबा, शेतकरी. डाव्या अंगठ्याची निशाणी.

खालची ओळ लिहिणारी वयाने अज्ञान असल्याने कायद्यात चालणार नाही. तरी ती कोणी खोडू नये.

चांदणी चालत होती. मी पाहिली.
चतुरा रखमाजी, इयत्ता सहावी